भागीदारीतला घोडा

रेसच्या घोड्याची सामायिक मालकी म्हणजे चार गोष्टींची वाटणी: घोड्याची किंमत, त्याला पोसण्याचा खर्च, शर्यतीत मिळणारे बक्षीस आणि शर्यती संपल्यावर त्याच्यापासून होणारी पैदास. पहिल्या तिन्ही गोष्टी रुपयांत मोजता येतात, म्हणून त्या वाटणे सोपे जाते. चौथी मोजायची तर अजून पोटातही नसलेल्या शिंगराची किंमत आज ठरवावी लागते. घोडा धावत असतो तोवर सगळ्या भागीदारांना एकच हवे असते, तो पहिला यावा. तो धावायचा थांबला की प्रत्येकाला वेगळे काही हवे असते. भागीदारीची खरी परीक्षा त्या दिवशी होते. तिचे बरेचसे करार आणि संकेत त्या दिवसाचा विचार करूनच घडलेले आहेत.

पश्चिम भारतातल्या शर्यतींचा कारभार रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडे आहे. मुंबईत क्लबची सुरुवात १८०२ ची. आधी शर्यती भायखळ्याला होत, महालक्ष्मीचे रेसकोर्स १८८३ मध्ये सुरू झाले. पुण्याचे रेसकोर्स त्याहून जुने, १८३० चे. हिवाळ्यात घोडे महालक्ष्मीला धावतात आणि पावसाळा लागला की सगळा लवाजमा घाट चढून पुण्याला येतो. घोडे, ट्रेनर, जॉकी, मोतद्दार, नालबंद अशी ही दरवर्षीची वारीच आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या घोड्यांचे मालक बहुधा एकटे असत. कुणी संस्थानिक, कुणी गिरणीमालक, कुणी मोठा व्यापारी. १९४३ मध्ये महालक्ष्मीला पहिली इंडियन डर्बी झाली, ती बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने एडगर ब्रिट या ऑस्ट्रेलियन जॉकीला पाठीवर घेऊन जिंकली.

बडोद्याच्या प्रतापसिंहराव गायकवाडांची पागा त्या काळी इंग्लंडपर्यंत पोचली होती. त्यांनी १९४५ मध्ये न्यूमार्केटच्या लिलावात एक वर्षाचा एक घोडा २८,००० गिनींना घेतला. एवढी किंमत तोवर कुठल्याच वर्षभराच्या घोड्याला आली नव्हती. त्याला त्यांनी आपल्या आजोबांचे नाव दिले, सयाजीराव. या सयाजीरावाने १९४७ मध्ये आयरिश डर्बी आणि इंग्लंडमधली सेंट लेजर जिंकली. पुढे पैदाशीला ठेवल्यावर त्याची मुलगी ग्लॅडनेस हिने १९५८ चा अ‍ॅस्कट गोल्ड कप जिंकला, तर मुलगा इंडियाना याने १९६४ ची सेंट लेजर. याच पागेतल्या माय बाबूने १९४८ ची टू थाउजंड गिनीज जिंकली. त्याची शर्यतीतली कारकीर्द एका महाराजाच्या नावावर झाली, पण उत्तरायुष्यात पैदाशीचा घोडा म्हणून तो अमेरिकेतल्या भागीदारांच्या एका गटाकडे गेला. एका मराठी राजघराण्याच्या घोड्याच्या आयुष्यात एकट्याची मालकी आणि सामायिक मालकी या दोन्ही अशा एकामागून एक आल्या.

संस्थाने विलीन झाली, १९७१ मध्ये तनखे गेले, आणि तशा एकहाती पागा ठेवणे फार थोड्यांना परवडू लागले. उत्तम कुळीचा घोडा विकत घेण्याइतका पैसा असणारी माणसे नंतरही होती, पण घोड्याचा धोका एकट्याने घ्यावा असे वाटणारी कमी झाली. घोडा हे नाजूक जनावर आहे. सकाळच्या सरावात एक पाय चुकीचा पडला आणि शिरेला इजा झाली तर सहा महिन्यांचा हंगाम वाया जातो. हाड मोडले तर घोडाच जातो. एकाच घोड्यात सगळे पैसे घालण्यापेक्षा चार घोड्यांत चौथाई-चौथाई हिस्सा घेणे शहाणपणाचे. धोका वाटून जातो आणि महिन्यातून दोनदा तरी आपला घोडा धावताना पाहायला मिळतो. हे दुसरे कारण हिशेबात दिसत नाही, पण भागीदारी करणाऱ्या बहुतेकांना तेच ओढून आणते.

समजा, हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरच्या चार मित्रांनी मिळून एक घोडी घ्यायची ठरवली. हुबळी-धारवाडात रेसकोर्स नाही. पण त्यांच्या गावावरून जाणाऱ्या महामार्गाच्या एका अंगाला पुणे आहे आणि दुसऱ्या अंगाला बंगळूर, दोन्हीही चारेकशे किलोमीटरवर. म्हैसूरचा रेस क्लब १८९१ पासूनचा, तोही कर्नाटकातच. घोडी कुठे ठेवायची हा पहिला निर्णय, आणि तो ट्रेनर कोण यावर ठरतो, कारण घोडा मालकाच्या गावात नव्हे, ट्रेनरच्या तबेल्यात राहतो. चौघांचे हिस्से ४०, ३०, २० आणि १० टक्के असे ठरले तर ते क्लबच्या कार्यालयात नावानिशी नोंदवावे लागतात. छुपा हिस्सेदार चालत नाही. घोड्यात कुणाचा पैसा आहे हे क्लबला कळलेच पाहिजे, कारण ज्याच्यावर क्लबने बंदी घातली आहे त्याने दुसऱ्याच्या नावाआडून घोडा पळवला तर शर्यतीवरचा लोकांचा विश्वासच उडेल. जॉकी अंगात घालतो तो रंगीत सदरा आणि टोपी यांचे रंगही मालकाच्या नावावर नोंदलेले असतात. भागीदारीत ते बहुधा प्रमुख हिस्सेदाराचे किंवा मंडळाचे.

या चौघांपुढे कायद्याच्या दोन वाटा असतात आणि दोहोंतला फरक पुढे फार महागात पडू शकतो. एक वाट साध्या सहमालकीची. चौघांचे चार हिस्से, आणि प्रत्येकाला आपला हिस्सा विकता येतो. दुसरी वाट १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्याखालच्या फर्मची. त्या कायद्यात सगळ्यांची संमती असल्याशिवाय नवा भागीदार आत येऊ शकत नाही, आणि फर्मच्या देण्यासाठी प्रत्येक भागीदार एकत्रितपणेही जबाबदार असतो आणि एकेकटाही. म्हणजे दहा टक्केवाल्याकडूनही तबेल्याचे सगळे थकलेले बिल वसूल होऊ शकते. २००८ च्या कायद्याने मर्यादित दायित्वाची भागीदारी, म्हणजे एलएलपी, करता येऊ लागली. वाट कुठलीही असो, एका माणसाला निर्णयाचे अधिकार द्यावे लागतात. घोडा कुठल्या शर्यतीत उतरवायचा, कोणता जॉकी घ्यायचा, हे चौघांनी मतदानाने ठरवायला घेतले तर नावे द्यायची मुदत निघून जाते.

खर्चाची बाजू सरळ आहे. ट्रेनर दर महिन्याला बिल पाठवतो. त्यात खाणे, मोतद्दाराचा पगार, नाल, औषधपाणी, सराव आणि प्रवास. ते हिस्स्याप्रमाणे वाटले जाते. बक्षीस मिळाले तर ट्रेनर, जॉकी आणि तबेल्यातली माणसे यांचा ठरलेला टक्का आधी वजा होतो, उरलेले हिस्सेदारांत वाटले जाते. बहुतेक घोडे आपला खर्चही काढत नाहीत, हे या व्यवसायातले उघडे सत्य आहे आणि नव्या हिस्सेदाराला ते पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे. करातही सवलत नाही. प्राप्तिकर कायद्याने रेसचे घोडे बाळगण्यातला तोटा फक्त त्याच धंद्याच्या उत्पन्नातून वजा करता येतो, दुकानाच्या किंवा कारखान्याच्या नफ्यातून नाही, आणि तो पुढे फार तर चार वर्षे ओढता येतो. मालकी आणि सट्टा या मात्र निराळ्या गोष्टी आहेत. घोड्यांच्या शर्यतीत कौशल्याचा भाग मोठा असल्याने तो निव्वळ जुगार नव्हे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये लक्ष्मणन खटल्यात दिला. हिस्सेदाराचा पैसा तिकिटाच्या खिडकीवर लागत नाही, तो तबेल्यातल्या जनावरावर लागतो.

सामायिक मालकीचा आणखी एक प्रकार घोडा भाड्याने देण्याचा. पैदास करणारा एखादी चांगल्या कुळीची मादी विकत नाही, फक्त शर्यतीच्या वर्षांपुरती भाडेपट्ट्याने देतो. घेणारा तिचा खर्च करतो, बक्षिसे घेतो, आणि धावणे संपले की घोडी मूळ फार्मवर परत जाते. कधी बक्षिसांतला काही वाटाही पैदास करणाऱ्याकडे जातो. कमी किमतीत घोडा विकून बक्षिसांत हिस्सा राखून ठेवण्याला भारतीय रेसकोर्सवर ‘कंटिन्जन्सी’ म्हणतात. खेड्यात शेळी अर्धलीने देतात, पाळणारा तिला पोसतो आणि करडे दोघांत वाटली जातात. घोडीचा हा व्यवहार त्याच जातीचा आहे. फरक इतकाच की शेळीचा मालक करडांवर नजर ठेवतो आणि पाळणाराही करडांवरच. घोडीच्या बाबतीत एकाला तिची तीन-चार वर्षांची धाव हवी असते आणि दुसऱ्याला तिचे पंधरा वर्षांचे गर्भाशय. दोघांच्या गरजा वेगळ्या असल्यामुळेच हा करार इतका टिकाऊ ठरला आहे.

धाव संपल्यावर काय होणार, हे घोड्याच्या लिंगावर ठरते आणि तिथे भागीदारांच्या तीन वेगळ्या वाटा फुटतात.

खच्ची केलेल्या घोड्याची वाट सर्वांत छोटी. त्याच्यापासून पैदास नाही, म्हणून भांडणही नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सॅकेट्स हार्बर या गावच्या शाळासोबत्यांनी प्रत्येकी ५,००० डॉलर घालून सॅकाटोगा स्टेबल नावाची भागीदारी सुरू केली होती. त्यांच्या फनी साइड या घोड्याने २००३ ची केंटकी डर्बी जिंकली. त्याची खरेदी ७५,००० डॉलरची. पिवळ्या स्कूलबसमधून रेसला येणारी ही मंडळी देशभर लाडकी झाली. पण घोडा खच्ची केलेला होता. पूर्ण नर असता तर केंटकी डर्बीच्या विजेत्याचे पैदाशीचे हक्क काही लाख, कदाचित काही दशलक्ष डॉलरना गेले असते. इथे धावणे थांबले आणि मिळकतही थांबली. त्याने उरलेले दिवस केंटकी हॉर्स पार्कमध्ये काढले, लोक त्याला पाहायला येत.

नराची वाट सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत अरुंद. शेकडो नरांतून एखादाच पैदाशीला ठेवण्याच्या लायकीचा ठरतो. तो ठरला की त्याची मालकी नव्याने हिस्स्यांत वाटली जाते. जुन्या काळी एक नर हंगामात चाळीसेक घोड्या फळवीत असे, म्हणून त्याचे हिस्सेही चाळीसच्या आसपास पाडत. एक हिस्सा म्हणजे दरवर्षी आपली एक घोडी त्याच्याकडे पाठवायचा हक्क. हा हक्क स्वतः वापरता येतो किंवा त्या हंगामापुरता विकता येतो. थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांच्या, जातीत कृत्रिम रेतनाला जगभर बंदी आहे. तशा शिंगराची स्टड बुकात, म्हणजे जातीच्या वंशावळीच्या वहीत, नोंदच होत नाही. त्यामुळे घोडीला प्रत्यक्ष नराच्या फार्मवर न्यावे लागते आणि नराच्या हिस्स्याला किंमत राहते. बाटलीतून पाठवता आले असते तर हिस्से चाळीस पडले नसते, चार हजार पडले असते.

या पद्धतीचे सर्वांत गाजलेले उदाहरण सेक्रेटेरियटचे, आणि त्याची गोष्ट त्याच्या जन्माआधीच सुरू होते. मेडो स्टेबलची पेनी चेनेरी आणि बोल्ड रूलर या नराचे मालक फिप्स यांच्यात शिंगरे वाटून घेण्याचा करार होता. मेडोने दरवर्षी दोन घोड्या बोल्ड रूलरकडे पाठवायच्या, फी द्यायची नाही, आणि दोन वर्षांतली शिंगरे दोघांनी वाटायची. पहिली निवड कुणाची हे नाणेफेकीने ठरायचे. जो जिंकेल त्याला पहिल्या वर्षाची पहिली निवड, जो हरेल त्याला दुसऱ्या वर्षाची. १९६९ च्या शरदात नाणे उडाले तेव्हा दुसऱ्या वर्षीच्या दोनपैकी एक घोडी रिकामी राहिल्याचे कळून चुकले होते. म्हणजे जिंकणाऱ्याच्या वाट्याला एकच शिंगरू येणार होते आणि हरणाऱ्याला दोन. फिप्स जिंकले. त्यांनी समथिंगरॉयल या घोडीचे मादी शिंगरू घेतले, ते पुढे एकही शर्यत जिंकले नाही. चेनेरीकडे पहिल्या वर्षाचे दुसरे शिंगरू आले आणि समथिंगरॉयलच्या पोटातले. ते ३० मार्च १९७० रोजी जन्मले, तेच सेक्रेटेरियट. करारात ‘नाणेफेक हरणाऱ्याला दुसऱ्या वर्षाची निवड’ असे एक वाक्य नसते तर अमेरिकन रेसिंगचा इतिहास दुसऱ्याच घरात लिहिला गेला असता.

त्याच घोड्याच्या आयुष्यात सामायिक मालकीचा दुसरा अध्याय १९७३ मध्ये आला. पेनी चेनेरीचे वडील वारले आणि वारसा कर भरायला पैसा हवा होता. क्लेबोर्न फार्मच्या तरुण सेथ हॅनकॉकने सेक्रेटेरियटचे ३२ हिस्से प्रत्येकी १,९०,००० डॉलरच्या भावाने पाडले. एकूण किंमत ६०.८ लाख डॉलर. त्या वेळी घोड्याने तिसऱ्या वर्षातली एकही मोठी शर्यत जिंकलेली नव्हती, जूनमध्ये बेलमाँट ३१ लांबींनी जिंकायची अजून बाकी होती. हिस्सेदारांची अट एकच, वर्षअखेर त्याने धावणे थांबवून फार्मवर यायचे. लोकांना तो आणखी वर्षभर धावताना पाहायचा होता, पण करारावर सह्या झालेल्या होत्या. पुढे त्याचे मुलगे बापासारखे निघाले नाहीत. मुलींच्या पोटी मात्र स्टॉर्म कॅट, ए. पी. इंडी आणि गॉन वेस्ट असे तीन मोठे पैदाशीचे नर जन्मले. हिस्सा घेणाऱ्यांपैकी ज्यांनी मादी शिंगरे जपून ठेवली, ते फायद्यात राहिले.

नराच्या हिस्सेदारीत दोन धोके आहेत. पहिला जननक्षमतेचा. सिगार हा सलग १६ शर्यती जिंकलेला अमेरिकन घोडा १९९७ मध्ये पैदाशीला ठेवला आणि एकही घोडी गाभण राहिली नाही. विम्याने अडीच कोटी डॉलर भरले. म्हणून नवा नर आधी चाचणीच्या घोड्यांवर लावून पाहतात. दुसरा धोका एकवाक्यतेचा. १९८१ ची एप्सम डर्बी दहा लांबींनी जिंकलेला शेरगर आगाखानांनी ४० हिस्स्यांत वाटला, प्रत्येकी अडीच लाख पौंडांना, आणि स्वतःकडे सहा हिस्से ठेवले. ८ फेब्रुवारी १९८३ च्या रात्री आयर्लंडमधल्या बॅलिमनी स्टडवरून बंदूकधाऱ्यांनी तो पळवून नेला आणि खंडणी मागितली. मालक अनेक देशांत विखुरलेले, निर्णय कोण घेणार हेच पळवणाऱ्यांना कळेना. खंडणी दिली गेली नाही, घोडाही सापडला नाही. नंतर विम्याचे प्रकरण निघाले, तेव्हा ज्यांनी चोरीचाही विमा उतरवला होता त्यांना पैसे मिळाले. ज्यांचा विमा फक्त मृत्यूचा होता त्यांना मृतदेहच दाखवता आला नाही. एकाच घोड्याच्या एकाच दुर्दैवात हिस्सेदारांचे नशीब असे वेगवेगळे झाले. सगळ्यांचा विमा एकाच अटींवर असावा, हे तेव्हापासून व्यवहारी हिस्सेदाराला सांगावे लागत नाही.

राहिली घोडी. सामायिक मालकीचा सगळ्यांत गुंतागुंतीचा आणि सगळ्यांत समृद्ध भाग हाच. घोडी अकरा महिने गाभण राहते आणि वर्षाला एकच शिंगरू देते. जुळे राहिले तर दोन्ही जगणे फार कठीण, म्हणून पशुवैद्य पंधराव्या-सोळाव्या दिवशी अल्ट्रासाउंडवर पाहून एक गर्भ वेळीच काढून टाकतो. नराला वर्षाला शंभर शिंगरे असू शकतात, घोडीला आयुष्यभरात दहा-पंधरा. म्हणून स्टड बुकच्या भाषेत भावंडे आईवरून मोजतात. एका बापाची हजार शिंगरे एकमेकांची भावंडे धरली जात नाहीत, एका आईची दोन धरली जातात. एखाद्या घोडीचे एक शिंगरू डर्बी जिंकले की तिची, तिच्या मुलींची, तिच्या बहिणींची किंमत एका दुपारीत चढते. हिस्सेदाराने कधी धाव न पाहिलेल्या एखाद्या मावशीमुळेही त्याची घोडी श्रीमंत होते.

हुबळीच्या त्या चौघांची घोडी पाच वर्षांची झाली, सहा शर्यती जिंकली आणि आता निवृत्त व्हायची आहे असे धरू. ४० टक्केवाल्याला ती पैदाशीला ठेवायची आहे. ३० टक्केवाल्याला पैसे काढून घ्यायचे आहेत. २० टक्केवाला म्हणतो आणखी एक हंगाम धावू द्या. १० टक्केवाल्याला तिचे एक मादी शिंगरू हवे आहे, बाकी काही नको. चौघेही बरोबर आहेत. अशा वेळी मार्ग निघतात ते असे: भागीदारांत आपसात बंद बोली लावायची आणि चढी बोली करणाऱ्याने इतरांचे हिस्से घ्यायचे, ते जमले नाही तर घोडी उघड लिलावात काढायची, तिथे भागीदारांपैकी कुणालाही बोली लावता येते, किंवा घोडी सामायिकच ठेवून शिंगरे पाळीने घ्यायची. पाळीचा मार्ग ऐकायला न्यायाचा वाटतो, पण घोडी एखाद्या वर्षी रिकामी राहिली किंवा शिंगरू मेले तर ते वर्ष कुणाच्या पाळीचे धरायचे, हे आधी लिहिलेले नसेल तर मैत्री तिथे तुटते. शिंगरू जिवंत जन्मून उभे राहिले आणि दूध प्यायले तरच नराची फी द्यायची, ही अट अनेक देशांत रूढ आहे. भागीदारांनी आपसातली पाळीही त्याच अटीवर मोजणे सर्वांत सोपे.

घोडी सामायिक ठेवल्याचे उत्तम उदाहरण ब्लॅक कॅव्हिअरचे. ऑस्ट्रेलियातल्या मित्रांच्या एका गटाने मरे नदीवरच्या हाउसबोटीतल्या सुट्टीत मिळून घोडी घ्यायचे ठरवले आणि २००८ च्या मेलबर्नच्या लिलावात २,१०,००० डॉलरना ती घेतली. ती २५ वेळा धावली आणि २५ वेळा जिंकली. २०१३ मध्ये ती निवृत्त झाली तेव्हा तिला विकून हे मित्र मोठी रक्कम घेऊ शकले असते. त्यांनी ती विकली नाही. त्याच मालकीत ती पैदाशीला गेली आणि तिची पहिली मुलगी ऑसिएट्राही त्यांच्याच रंगांत धावली. ऑगस्ट २०२४ मध्ये शेवटच्या विणीनंतर खुरांच्या आजाराने ब्लॅक कॅव्हिअर गेली. आईच्या तोडीचे शिंगरू तिला झाले नाही. असामान्य घोडीला असामान्य शिंगरू होईलच असे नाही, हे पैदास करणारा प्रत्येक जण जाणतो आणि तरीही दरवर्षी घोडी फळवतो.

जपानने हाच प्रश्न नियम करून सोडवला आहे. तिथल्या क्लबांत सामान्य माणूस घोड्याचा छोटा हिस्सा घेतो. सिल्क रेसिंगमध्ये एका घोड्याचे ५०० हिस्से पडतात, कॅरट क्लबमध्ये ४००. कागदोपत्री मालक क्लब असतो, घोडा क्लबच्याच रंगांत धावतो. आल्मंड आय या घोडीची एकूण किंमत होती ३ कोटी येन, म्हणजे एक हिस्सा ६०,००० येनचा. तिने नऊ ग्रेड-वन शर्यती जिंकल्या, बक्षिसे दोनशे कोटी येनच्या जवळ गेली. पण सदस्यांना तिची पैदास मिळाली नाही. नियमच असा की मादी सहा वर्षांची होते त्या मार्चअखेरपर्यंत तिने धावणे थांबवायचे आणि विक्रीवेळच्या किमतीच्या दहा टक्क्यांत ती पैदास करणाऱ्याकडे परत जायची. ऐकताना सदस्यांवर अन्याय वाटतो. पण पहिल्या दिवसापासून प्रत्येकाला हे माहीत असते आणि हिस्स्याची किंमतही तेवढीच कमी असते. कॅरट क्लबने त्यावर एक सुंदर तोड काढली आहे. आईत ज्यांचा हिस्सा होता त्यांना तिच्या शिंगरांत हिस्सा घेताना प्राधान्य मिळते. मालकी परत जाते, नाते तुटत नाही. भारतातल्या भागीदारांनी उचलावी अशी ही पद्धत आहे.

पैदाशीला लागणारा काळ हिस्सेदारांना आधी समजावून द्यावा लागतो, कारण रेसच्या वेगाची सवय झालेल्यांना तो फार लांब वाटतो. थरोब्रेड घोड्यांचा कागदोपत्री वाढदिवस उत्तर गोलार्धात १ जानेवारी. डिसेंबरच्या शेवटी जन्मलेले शिंगरू चार दिवसांत एक वर्षाचे ठरते, म्हणून घोड्या साधारण फेब्रुवारीनंतरच फळवतात. समजा मार्च २०२६ मध्ये घोडी फळली. फेब्रुवारी २०२७ मध्ये ती विते. सहाएक महिन्यांनी शिंगरू आईपासून तोडतात. मायक्रोचिप बसते, डीएनए तपासून आईबाप खरे असल्याची खात्री होते आणि मग भारतीय स्टड बुकात नोंद होते. हे शिंगरू २०३० मध्ये तीन वर्षांचे होईल. त्या डिसेंबरात महालक्ष्मीला गिनीजच्या शर्यती असतील, आणि फेब्रुवारी २०३१ च्या पहिल्या रविवारी, चार वर्षांचे असताना, ते २,४०० मीटरच्या इंडियन डर्बीत उतरू शकेल. आज घेतलेल्या निर्णयाचे फळ पाच वर्षांनी. तोवर घोडी रोज खाणार, फार्मचे महिन्याचे पैसे लागणार, आणि चौघांपैकी एखाद्याचे दिवस पालटलेलेही असणार. म्हणून हिस्सेदाराने खर्च थांबवला तर त्याच्या हिस्स्याचे काय, हे कलम पैदाशीच्या करारात शर्यतीच्या करारापेक्षाही ठळक हवे.

या सगळ्या व्यवहारात मालकांच्या हिशेबाबाहेर उरतो तो खुद्द घोडा. खच्ची झालेले, पैदाशीला न लागलेले नर, वीसच्या पुढच्या वांझ घोड्या, यांचे काय? काही रायडिंग स्कूलमध्ये जातात. महालक्ष्मीलाच १९४२ मध्ये स्थापन झालेला अ‍ॅमॅच्युअर रायडर्स क्लब आहे. पुण्याच्या पूनावाला स्टड फार्मची गोष्ट याहून मोठी. सोली पूनावालांनी १९४६ मध्ये हा फार्म सुरू केला. तिथले निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला देत, तिथे त्यांच्या रक्तातून विषप्रतिबंधक द्रव्य काढले जाई. हेच काम आपण का करू नये, असा विचार सोलींचे पुत्र सायरस पूनावाला यांच्या मनात आला आणि १९६६ मध्ये पुण्यात सिरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. धनुर्वाताच्या प्रतिद्रव्याने तिची सुरुवात झाली.

थरोब्रेड घोडा पंचवीस वर्षे जगू शकतो आणि धावतो त्यातली तीन-चार. घोडी विकून चौघांनी पैसे वाटून घेतले तर पुढचे तिचे आयुष्य नव्या मालकाकडे जाते. सामायिक ठेवली तर म्हातारपणचा चारा, नालबंद आणि वैद्य यांचा खर्चही सामायिक राहतो, त्याच ४०, ३०, २० आणि १० च्या प्रमाणात, आणि चांगल्या करारात तेही लिहिलेले असते.